जुनी जीप : दुरुस्त करावी की काढून टाकावी?

बीड जिल्ह्यात शेतकरी, छोटा व्यापारी आणि प्रवासी वाहतुकीवर रोजी कमावणारा माणूस यांच्या दारात आजही एखादी जुनी जीप उभी दिसते. कोणाची महिंद्रा कमांडर, कोणाची मार्शल, कोणाची ट्रॅक्स, तर एखाद्याकडे वडिलांच्या हातची एम.एम. ५४०. गाडीला वीस-पंचवीस वर्षे होऊन गेलेली असतात. थंडीत सकाळी ती उतारावर लावल्याशिवाय सुरू होत नाही, चढावर काळा धूर सोडते आणि दर दोन महिन्यांनी मिस्त्रीच्या दारात जाऊन बसते. मग घरात विषय निघतो : हिच्यावर अजून पैसा घालावा, की ही काढून दुसरी घ्यावी? थोरले म्हणतात दुरुस्त करा, मुले म्हणतात नवी घ्या, आणि निर्णय न होता आणखी एक वर्ष जाते.

वरवर पाहता हा प्रश्न घरगुती वाटतो. वस्तुतः तो व्यापाराचा आहे, कारण त्यात एका कुटुंबाची चार-पाच वर्षांची बचत गुंतलेली असते. दुरुस्त करणारा आणि नवी घेणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. नुकसान होते ते तिसऱ्याचे, आणि आमच्या पाहण्यात बहुसंख्य लोक तिसरेच आहेत. आज नोझल, दोन महिन्यांनी क्लचप्लेट, पावसाळ्यात स्टार्टर, दिवाळीला रेडिएटर. दर वेळी पाच-दहा हजार जातात, ते कोठे लिहिले जात नाहीत, आणि गाडी होती तशीच राहते. अशा माणसाने तीन वर्षांची बिले एकत्र मांडली, तर एका पुऱ्या दुरुस्तीचा पैसा निघून गेलेला असतो आणि दुरुस्ती मात्र झालेली नसते.

ही गाडी आपल्या भागात इतकी रुजली कशी, तेही पाहू. २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झालेल्या कंपनीचे पहिले नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. महिंद्रा बंधूंबरोबर मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. धंदा मूळचा पोलादाचा. १९४७ मध्ये अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपगाड्या सुट्या भागांच्या स्वरूपात आल्या आणि पुढे मुंबईत माझगावला त्यांची जोडणी सुरू झाली. जीप खेड्यातील खाजगी माणसाच्या आवाक्यात आली ती मात्र डिझेल इंजिनामुळे. महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचे इंजिन बसवले. पुण्याच्या बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्याचे. दोन्ही इंजिने साधी, कमी वेगात ओढणारी, आणि हातोडी-पान्यावर उघडता येणारी.

पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर हा बालाघाटाचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. डांबरी सडक गावापर्यंत येते. वस्ती आणि तांडा त्याच्या पुढे दोन-तीन किलोमीटर असतो. खाली गोदाकाठी गेवराई-माजलगावकडे काळी माती, वर डोंगरात मुरूम आणि दगड. आश्विन-कार्तिकात डोंगरातले सीताफळ खाली उतरवायचे असते. या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने रस्ता होत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा कित्येक गावांचा आधार काळी-पिवळी जीपच होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली ही आनंदाची गोष्ट, परंतु स्टेशनपासून वस्तीपर्यंतचे अंतर जीपनेच कापायचे आहे.

आता निर्णयाकडे येऊ. बहुतेक मालक पाहणीची सुरुवात इंजिनापासून करतात. आमच्या मते ती चेसिसपासून केली पाहिजे. इंजिन उतरवून नवे करता येते. चेसिस गेली की गाडी गेली. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यावी, चिखल धुऊन काढावा आणि हातोडीने दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रे निघाले, तर आत गंजाने खाल्ले आहे असे समजावे. आपला जिल्हा कोरडा असल्याने कोकणातल्या गाडीइतका गंज येथे सापडत नाही (म्हणूनच किनाऱ्याकडची स्वस्त जीप घेताना दहा वेळा विचार करावा). आपल्याकडचा रोग वेगळा आहे, तो म्हणजे तडा. दहा माणसांच्या जागी अठरा बसवून किंवा पोत्यांची थप्पी लावून वर्षानुवर्षे चालवलेल्या गाडीत पाट्यांचे ब्रॅकेट जेथे चेसिसला बसते तेथे, आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जागेभोवती, बारीक तडे जातात. एखादा तडा चांगला वेल्डर पट्टी मारून सांधू शकतो. तीन-चार ठिकाणी जुन्या वेल्डिंगवर नवे वेल्डिंग दिसले, तर त्या गाडीवर एक रुपयाही घालू नये. चेसिसवर कोरलेला नंबर स्पष्ट वाचता येतो की नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. तो गंजून किंवा घासून गेला असेल तर पुढे परिवहन कार्यालयात खेटे घालावे लागतात.

इंजिनाचे दुखणे मात्र गाडी स्वतःच सांगते. काळा धूर म्हणजे बहुधा नोझल, पंप किंवा कोंडलेला एअर फिल्टर. हा खर्च आटोक्यातला. निळसर धूर आणि ऑईल कमी होणे म्हणजे रिंगा आणि लायनर झिजलेले. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण काढावे. तेथून धाप लागल्यासारखा धूर येत असेल तर इंजिन खोलावेच लागणार. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटत गेले, तर हेड किंवा गॅस्केट तपासावे. आपल्याकडे इंजिन लवकर झिजण्याचे मोठे कारण धूळ आहे. जुन्या जीपच्या एअर फिल्टरखाली तेलाचे पात्र असते. त्यातले तेल कोणी बदलते का? उन्हाळाभर फुफाट्यातून गाडी चालते आणि त्या पात्रात चिखल साचलेला असतो. शंभर-दीडशे रुपयांच्या तेलाची काटकसर पुढे हजारोंचे काम काढते.

तिसरी गोष्ट कागदपत्रे, आणि येथेच लोक सर्वांत जास्त फसतात. एक गैरसमज प्रथम दूर करू. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रासाठी आला होता. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा. बीडच्या जीपला तो लागू नाही. दलाल त्याची भीती घालून चांगली गाडी भंगाराच्या भावात उचलतात. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली तर खाजगी मोटारीला महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणजे एक वर्ष विसरले की सहा हजार. पासिंग संपलेल्या गाडीने अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाई घर विकून द्यावी लागते. नोंदणी आणि विमा जिवंत नसलेल्या गाडीचे इंजिन खोलू नये. आधी कागद, मग पाना.

आणखी एक इशारा. हरियाणातील डबवालीकडून नव्यासारख्या दिसणाऱ्या उघड्या जीपा बांधून मिळतात, आणि आपल्याकडच्या तरुणांना त्यांचे मोठे वेड आहे. कंपनीने बनवलेल्या मूळ स्वरूपात बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिक स्पष्ट केली. इंजिन एका गाडीचे, चेसिस दुसऱ्या गाडीची आणि पुस्तक तिसऱ्याच गाडीचे, असा हा माल असेल तर तो कितीही चकचकीत असो, त्यात घातलेला पैसा पहिल्याच नाक्यावर अडकू शकतो. स्वतःच्या गाडीचे इंजिन बदलायचे तरी ते त्याच जातीचे घ्यावे आणि त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी.

चेसिस शाबूत, कागद जिवंत, असे ठरल्यावर खरा हिशोब सुरू होतो. त्याची किल्ली गाडीच्या वयात नसून वर्षाला ती किती किलोमीटर धावते यात आहे. समजा, शेतावरची जीप वर्षाला ८,००० किलोमीटर धावते. जुनी लिटरला १२ देते आणि नवी १५ देईल. जुनीला ६६७ लिटर लागतील, नवीला ५३३. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाची बचत फक्त बारा हजार. आता नवी गाडी पाहा. बोलेरोसारखी साधी गाडीही आठ-दहा लाखांच्या घरात जाते. आठ लाख कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षे मुदत धरली तर महिन्याला सुमारे १७,००० रुपये हप्ता, आणि पाच वर्षांत सुमारे दोन लाख वीस हजार नुसते व्याज. जुन्या गाडीच्या पुऱ्या कामाचा मिस्त्रीने दीड लाख अंदाज दिला असेल, तर तो खर्च त्या व्याजापेक्षाही कमी आहे. बारा हजारांची बचत करण्यासाठी वर्षाला दोन लाखांचा हप्ता बांधून घेणारा माणूस डिझेल वाचवत नाही, तो लोकांसाठी गाडी घेतो. आपल्याकडे पांढरी मोठी गाडी आणि तिचा नंबर पाहून माणसाची किंमत ठरवण्याची रीत पडली आहे. दोन वर्षे पाऊस पडला नाही की त्यातल्या किती गाड्या फायनान्सवाल्याच्या अंगणात जातात, ते अंगण एकदा पाहून यावे.

परंतु हाच हिशोब काळी-पिवळीला लावला तर उत्तर उलटते. जी गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावते, तिच्यात डिझेलची तफावतच ६०,००० रुपयांची पडते. गाडी उभी राहिलेल्या प्रत्येक दिवसाचा धंदा बुडतो, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावी लागते. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट सवाऱ्यांची आहे. जुन्या जीपला एबीएस नाही, एअरबॅग नाही, मागे समोरासमोर बाकडी, पट्टा कोणालाच नाही. धारूरच्या घाटात भरलेली गाडी उतरताना ब्रेक तापून पायाखाली मऊ लागला, तर आत बसलेल्या बायका-मुलांचा दोष काय? भाड्याने सवाऱ्या वाहणाऱ्याने वीस वर्षांची गाडी ओढत राहू नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. त्याने ती विकावी किंवा मोडीत काढावी, आणि नवी परवडत नसेल तर पाच-सहा वर्षे वापरलेली, एका हाताची, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी शोधावी. रोजी हलाल असावी असे आपण म्हणतो, त्यात बसणाऱ्याचा जीवही आला.

डोंगरातल्या वस्तीवर राहणाऱ्याने नवी गाडी घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर वेगात, सलग काही वेळ चालली तरच ती काजळी जळून जाते. जी गाडी रोज वस्ती ते गाव दोन-तीन किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, तिची जाळी कोंडते, दिवा लागतो, आणि मग संगणक जोडल्याशिवाय कोणाला काही करता येत नाही. नवी गाडी वाईट आहे असे यावरून ठरत नाही. पुणे-मुंबई करणाऱ्याला ती उत्तमच आहे.

व्याजाचा मुद्दा आमच्या वाचकांपैकी अनेकांसाठी केवळ आकड्यांचा नाही. जे व्याजाचे कर्ज टाळतात, त्यांना नवी गाडी रोखीनेच घ्यावी लागते आणि ते थोड्यांनाच जमते. काही शहरांत बिनव्याजी पतसंस्था आहेत. त्यांची कर्जे लहान रकमांची असतात. नव्या गाडीला ती पुरत नाहीत, पण इंजिनाच्या पुऱ्या कामाचा मोठा वाटा त्यातून भागू शकतो. या दृष्टीनेही दुरुस्तीचा मार्ग तपासून पाहण्यासारखा आहे. भाऊबंदांत, मित्रांत उसने घ्यायचे तर कागदावर लिहून, साक्षीदारांसमोर घ्यावे.

आता थोडे मिस्त्री बांधवांविषयी. नव्या गाडीचा पैसा जिल्ह्याबाहेर जातो. जुन्या गाडीवर घातलेला दीड लाख बहुतांश येथेच राहतो : मिस्त्री, टर्नर, पाटेवाला, रेडिएटरवाला, वेल्डर, बॅटरीवाला, गादी शिवणारा. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल या कामावर पेटते. कानाने इंजिन ओळखणारे उस्ताद आजही आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या हातातील कसब कोणत्याही पदवीपेक्षा कमी नाही. परंतु गिऱ्हाईक नव्या गाडीकडे वळते त्याला मिस्त्रीचा व्यवहारही कारण आहे, हे सांगितले पाहिजे. आठ दिवस सांगून दोन महिने गाडी ठेवणे, अंदाज तोंडी देणे, कंपनीच्या पार्टचे पैसे घेऊन लोकल माल टाकणे, उघडलेल्या इंजिनाचे सामान पोत्यात एकत्र भरून ठेवणे. ज्या गॅरेजात लेखी अंदाज मिळतो, काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिला जातो आणि ठरल्या तारखेला गाडी मिळते, तेथे रांग लागते. पुढच्या पिढीने तर पान्याबरोबर स्कॅनरही हाती घ्यावा. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाने तो केला, तर जुनी आणि नवी दोन्ही गाड्या त्याच्या दारात येतील. पाच-दहा वर्षांत आजच्या जीपा संपतील, तेव्हा केवळ लायनर-पिस्टन बसवता येणाऱ्याचे काय होणार?

ज्यांचा निर्णय गाडी काढण्याचा झाला, त्यांनी ती नाक्यावरच्या भंगारवाल्याला परस्पर देऊ नये. पुस्तकावर तुमचे नाव तसेच राहते, आणि त्या चेसिसवर किंवा नंबरवर पुढे काय होईल त्याचा जाब तुम्हाला विचारला जातो. गाडी मोडली की चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. बीडची नोंदणी एम.एच. २३ आणि अंबाजोगाईची एम.एच. ४४, ज्या कार्यालयाची गाडी तेथेच कळवावे. २०२१ च्या धोरणानुसार नोंदणीकृत मोडणी केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळते. नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मोल जुन्या गाडीला मिळावे असे त्या धोरणात म्हटले आहे, आणि नवी खाजगी गाडी घेताना करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे. प्रत्यक्षात किती सूट मिळते ते खरेदीपूर्वी कार्यालयात विचारावे. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नये. पूर्वी पंचायत समिती किंवा पाटबंधारे खात्याच्या लिलावातील जीप घेऊन तिचे सामान काढता येत असे. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवली जात नाही आणि त्यांची वाट थेट मोडणी केंद्राकडे जाते. त्यामुळे जुने हौसिंग, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन यापुढे अधिक दुर्मिळ होत जाईल, हे दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आणि दुरुस्ती ठरली असेल, तर ती मृगाच्या तोंडावर काढू नये. उन्हाळ्यात शेताचे काम कमी असते, गाडी महिनाभर उभी ठेवता येते. ब्रेक आणि स्टिअरिंग पहिल्यांदा, इंजिन त्यानंतर, रंग आणि सीट सर्वांत शेवटी, याच क्रमाने काम करून घ्यावे. पैसा मध्येच संपला तर निदान गाडी थांबते तरी. पार्टची यादी कंपनीच्या नावासह लिहून घ्यावी, अर्धे पैसे सुरुवातीला आणि उरलेले घाटात एक फेरी मारून आल्यावर द्यावेत.